कुलूपबंद गाडी आणि तिचं ‘अपडेट’

रेसिंग सिम्युलेटरमध्ये गाडी पळवण्यापेक्षा जास्त वेळ माझा गाडीच्या फाइली उघडून बसण्यात जातो. ‘असेट्टो कोर्सा’ हा असाच एक खेळ 2014 मध्ये पूर्ण स्वरूपात आला आणि अजूनही लोक त्याच्यासाठी गाड्या बनवतात, कारण त्याच्या आत हात घालता येतो. ‘पॉवर डॉट एलयूटी’मध्ये इंजिनाच्या फेऱ्या आणि टॉर्क (फिरवण्याचा जोर) यांचे आकडे असतात. ‘सस्पेन्शन्स डॉट आयएनआय’मधला एखादा आकडा बदलायचा, चार लॅप मारायच्या आणि वळणावर स्टिअरिंग हाताला काय सांगतंय ते बघायचं. याची गोडी एकदा लागली की सुटत नाही.

म्हणूनच फसवणूक कशी झाली ते तपशिलात लिहितोय.

जुन्या काळातली एक रेसिंग कार मी बरेच दिवस शोधत होतो. एका खासगी गटात एकाने ती स्वतः बनवल्याचं सांगितलं. चित्रं सुंदर होती. पैसे मात्र मित्राला पाठवतो तसे पाठवायचे, म्हणजे तक्रार करून परत मिळण्याची सोयच नाही. तिथेच थांबायला हवं होतं. तो म्हणाला, ‘फोल्डरचं नाव बदलू नकोस, चोरी होऊ नये म्हणून मी खास कुलूप लावलंय, नाव बदललंस तर गाडी चालणार नाही.’ आता गाडीच्या भौतिकीचे, म्हणजे ती कशी वागते त्याचे, आकडे ज्यात बांधलेले असतात त्या ‘डेटा डॉट एसीडी’ फाइलची किल्ली फोल्डरच्या नावावरूनच तयार होते, नाव बदललं तर कुणाचीही गाडी चालत नाही. हे मला ठाऊक होतं. तरी हे त्याचं खास कौशल्य आहे असं तो भासवत असताना मी ऐकून घेतलं, कारण गाडी हवी होती.

गाडी आली. पहिल्याच लॅपला ओळखीची वाटली. टायर सुटण्याची तऱ्हा, गिअर बदलताना मागचं टोक हलणं, सगळं आधी अनुभवलेलं. भौतिकीची फाइल उघडेना, म्हणून कंटेंट मॅनेजर या खेळाच्या गाड्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या शोरूममध्ये गाडीचं मॉडेल नीट न्याहाळलं. डॅशबोर्डच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत दुसऱ्याच एका मॉडरची, म्हणजे खेळात घालायच्या गाड्या (मॉड) बनवणाऱ्याची, खूण होती. त्याची ती गाडी माझ्याकडे कित्येक दिवसांपासून होती, त्याने फुकट दिलेली. शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. रंग आणि बिल्ले तेवढे वेगळे. कुणीतरी रात्री जागून बनवलेली आणि सगळ्यांना मोकळेपणाने दिलेली वस्तू कुलूप लावून विकली गेली, याचा राग पैशांपेक्षा जास्त आला.

मी जाब विचारला. उत्तर गोड आलं: चुकून जुनी आवृत्ती गेली, हे घे अपडेट. ती ‘ईएक्सई’ फाइल होती, म्हणजे उघडली की चालू होणारा प्रोग्राम. शिवाय सूचना, ‘अँटिव्हायरस बंद कर, तो मॉडला उगाच अडवतो.’

आणि मी ती चालवली. कस्टम शेडर्स पॅच या खेळात सुधारणा करणाऱ्या जोडणीची ‘डीराइट डॉट डीएलएल’ ही फाइल खेळाच्या मुख्य फोल्डरमध्ये जाते, त्यामुळे अशा फाइली टाकायची मला सवय होती. पण गाडीला असलं काहीच लागत नाही. गाडी म्हणजे एक फोल्डर: मॉडेलची ‘केएन5’, भौतिकीची फाइल, आवाजाची बँक, रंगांच्या प्रतिमा आणि माहितीची ‘जेसन’. तो फोल्डर कंटेंट मॅनेजरवर ओढून सोडला की काम संपतं. गाडीसाठी इन्स्टॉलर देणाऱ्याला मी आता एकच प्रश्न विचारतो: यातली कुठली फाइल स्वतःहून चालवावी लागते?

दुसऱ्या दिवशी माझ्या स्टीम (खेळ विकत घेण्याची सेवा) खात्यातून मित्रांना लिंक जाऊ लागल्या. दोन पायऱ्यांची सुरक्षा होती, पण आधीच उघडं असलेलं लॉगिनच चोरीला गेलं तर ती पायरी ओलांडावीच लागत नाही. मी दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून पासवर्ड बदलले, सगळ्या उपकरणांवरून खातं बाहेर काढलं आणि आपला संगणक पुसून विंडोज नव्याने टाकलं. पासवर्ड त्याच संगणकावर बदलले असते तर तेही नवे त्या विकणाऱ्याच्या हाती पडले असते.

एका मित्राने माझ्यावर विश्वास ठेवून लिंक उघडली होती. त्याचा संगणकही त्याच रात्री आम्ही फोनवर बोलत बोलत पुसला. मग मूळ मॉडरला मी सगळं कळवलं, दोन्ही गाड्यांची चित्रं जोडून.