गाडी दुरुस्तीला दिली आणि डोक्याला ताप घेऊन आलो

पुण्यातल्या एका मोठ्या डीलरच्या सर्व्हिस सेंटरचा अनुभव, नाव घेत नाही. एएमटी गाडी, म्हणजे क्लच-गिअर आपोआप टाकणारी, पहिल्यावरून दुसऱ्या गिअरला जाताना झटके मारायची. आधी म्हणाले सॉफ्टवेअर अपडेट करू, मग म्हणे क्लच सेट गेलाय, आणि क्लच प्लेट झिजणारा पार्ट म्हणून वॉरंटीत नाही! तो बदलून पण झटके तसेच, तेव्हा कुठे ॲक्च्युएटर (क्लच-गिअर आपोआप हलवणारा पार्ट) तपासला आणि दोष तिथेच निघाला. अरे मग हे आधी बघायचं ना, क्लचचे पैसे कोण देणार?

पार्ट यायला वेळ म्हणून मोठ्या मनाने दुसरी गाडी दिली वापरायला. टाकीत पेट्रोल नावाला, एसी चालू केला की कुबट वास, पीयूसी संपलेली. साताऱ्याला निघालो तर आनेवाडी टोलला कळलं की फास्टॅग ब्लॅकलिस्टेड आहे, तेव्हा नियम असा होता की रोख दिले तर दुप्पट टोल आणि यूपीआयने सव्वापट, म्हणून यूपीआय केलं, पण पावती दाखवली तर सर्व्हिस सेंटरचा ॲडव्हायजर म्हणतो सर ते आमच्याकडे येत नाही. परत देताना मात्र बंपरवरचा जुना ओरखडा माझ्या नावावर टाकायला निघाले, नशीब घेतानाच व्हिडिओ काढला होता.

मेकॅनिक पोरं चांगली आहेत हां, ॲक्च्युएटरचं त्यातल्याच एकाने सांगितलं. काउंटरवरचे लोक नुसते गोड बोलतात. जुने पार्ट मागून घ्या आणि जॉब कार्डवर (गाडी देताना ते कामाची नोंद करतात तो कागद) तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. दोन स्टार, तेही त्या मेकॅनिकसाठी.