सर्वो अ‍ॅनालॉग, स्टिकर डिजिटलचं आणि आळ जायरोवर

रेडिओ कंट्रोल विमानात जायरो (विमान डुललं की ते आपोआप सावरणारं उपकरण) बसवणाऱ्यांसाठी हे लिहितोय, त्यातही जे ऑनलाइन सर्वो (विमानाच्या हलत्या पट्ट्या वळवणाऱ्या छोट्या मोटरी) मागवतात त्यांच्यासाठी. साध्या अ‍ॅनालॉग सर्वोवर ‘डिजिटल’ असं स्टिकर लावून ते सर्रास विकले जातात. ही लबाडी इतकी बेमालूम आहे की आपण तपासायला बसलो तर पुरावा उलट जायरोच्या विरोधात जातो. माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं आणि विक्रेत्याने त्याचा पुरेपूर फायदा घेतला.

9 ग्रॅम वर्गातले चार सर्वो मागवले होते: दोन एलेरॉनला (पंखांवरच्या हलत्या पट्ट्या), एक एलिव्हेटरला (शेपटीची आडवी पट्टी), एक रडरला (शेपटीची उभी पट्टी). विक्रीच्या पानावर ठळक अक्षरांत होतं – डिजिटल, मेटल गिअर, बॉल बेअरिंग, 333 हर्ट्झपर्यंत (सेकंदाला 333 संदेशांपर्यंत) चालेल. त्याप्रमाणे जायरोच्या सेटिंगमध्ये डिजिटल सर्वो निवडला. बॅटरी जोडली, जायरो सुरू झाला आणि चारही सर्वो कुरकुरायला लागले. स्टिक मध्यावर, विमान टेबलावर स्थिर, तरी एलिव्हेटरची मागची कड सारखी मिलिमीटरभर वरखाली होत होती. थोड्या वेळाने त्या सर्वोला हात लावला तर बोट ठेववेना.

थरथर म्हटलं की आधी ज्यांच्यावर संशय घ्यायचा, ते सगळं बघून झालं. गेन (जायरो किती जोराने सावरतो ते प्रमाण) जास्त असला तर विमान हवेत वेग घेतल्यावर डुलायला लागतं. इथे गेन शून्यावर आणूनही फरक नव्हता. प्रॉपेलर काढलेला, मोटर बंद, त्यामुळे कंपनांचा प्रश्नच नाही. रिमोटचे संदेश घेणाऱ्या रिसीव्हरवर व्होल्टेज मोजलं, 5 व्होल्टच्या आसपास स्थिर.

विक्रेत्याला कळवलं. त्याचं उत्तर लगेच आलं: जायरो काढा आणि सर्वो थेट रिसीव्हरला लावून बघा. तसं केलं, तर चारही सर्वो एकदम शांत. “बघा सर, सर्वो ओके आहेत. प्रॉब्लेम तुमच्या जायरोत आहे.” यावर काय बोलणार? डोळ्यांसमोर दिसतच होतं.

मग त्याच्याच सांगण्यावरून मला एक ‘जिटर फिल्टर’ विकला गेला आणि त्यानंतर जास्त अँपिअरचा बीईसी (रिसीव्हर आणि सर्वोंना बॅटरीतून ठराविक व्होल्टेज पुरवणारा भाग). फिल्टरवरचं काळं प्लास्टिक कापून पाहिलं तर आत एक कपॅसिटर, बस्स. कपॅसिटर वाईट नाही. सर्वोने एकदम करंट ओढला की व्होल्टेज खाली बसू नये म्हणून तो लावतातच. पण माझं व्होल्टेज बसतच नव्हतं. बीईसी 6 व्होल्टचा निघाला आणि त्यावर थरथर वाढली. तेव्हा सल्ला आला की आता आमचाच जायरो घ्या. मधल्या काळात ‘अजून एक व्हिडिओ पाठवा’, ‘टेक्निकल टीम बघतेय’ असं चालू होतंच. त्यात परतीची मुदत उलटून गेली. ती उलटावी म्हणूनच हे चाललं होतं, याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही.

उलगडा केला आमच्या मैदानावरच्या एका जुन्या जाणत्या काकांनी. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अरे, जायरो बदलू नकोस. फ्रेम रेट 50 वर आण आणि मग मला सांग.” म्हणजे जायरो सर्वोला सेकंदाला पाठवतो ते संदेश 333 वरून 50 वर. आणला. त्याच जायरोवर, तेच सर्वो गप्प झाले.

कारण समजून घेण्यासारखं आहे, कारण सगळी फसवणूक त्याच्याच आड लपते. सर्वोला जागा कळते ती पल्सच्या (विजेच्या छोट्या ठोक्याच्या) रुंदीवरून, म्हणजे तो किती वेळ टिकतो त्यावरून. साधारण 1 ते 2 मिलिसेकंद, मध्य 1.5 वर. साधा रिसीव्हर असा पल्स दर 20 मिलिसेकंदांनी, म्हणजे 50 हर्ट्झने पाठवतो. अ‍ॅनालॉग सर्वो प्रत्येक पल्स आला की स्वतःची जागा त्याच्याशी ताडून पाहतो आणि जेवढा फरक असेल त्या प्रमाणात मोटरला एक धक्का देतो. पुढचा पल्स येईपर्यंत निवांत. जायरो 333 हर्ट्झवर असला की पल्स दर 3 मिलिसेकंदांनी येतात. एक धक्का संपायच्या आत दुसरा. सर्वो जागेच्या पुढे जातो, मागे येतो, परत पुढे, आणि मोटर तापत राहते. डिजिटल सर्वोत मायक्रोकंट्रोलर असतो. मोटरला किती वेळा धक्का द्यायचा हे तो स्वतः ठरवतो, पल्स किती वेळा येतात यावर ते अवलंबून नसतं. म्हणून असा खोटा सर्वो रिसीव्हरवर निर्दोष दिसतो आणि जायरोवर बिघडलेला. ‘थेट रिसीव्हरला लावून बघा’ हे सांगणाऱ्याला निकाल आधीच ठाऊक असतो.

खात्री करायला एक सर्वो उघडला. खालचे चार लांब स्क्रू काढले की तळ आणि वरचं झाकण दोन्ही सुटतात. वर आउटपुट शाफ्टभोवती बेअरिंगची स्टीलची रिंग दिसायला हवी; तिथे प्लास्टिकच्या भोकात शाफ्ट नुसता फिरत होता. गिअर धातूचे होते, तेवढं खरं. खालच्या बोर्डावर एकच आयसी (चिप). त्यावरचा नंबर शोधला तर तो अ‍ॅनालॉग सर्वोचा कंट्रोलर निघाला. फोटो पाठवले, त्यावर उत्तर आलं की उघडलेला सर्वो वॉरंटीत बसत नाही. पैसे मिळाले नाहीत.

म्हणून सर्वो हातात आल्या दिवशीच, विमानाला चिकटवण्याआधी आणि परतीची मुदत शिल्लक असताना, त्यांना टेबलावर जायरोच्या डिजिटल रेटवर पाच-दहा मिनिटं चालवा आणि व्हिडिओ करून ठेवा. थरथरले किंवा काहीच भार नसताना तापले, तर रेट 50 वर आणा. तेवढ्याने शांत झाले तर जायरोला दोष देऊ नका. विक्रेत्याला तोच व्हिडिओ पाठवा आणि बदली नको, पैसेच परत मागा. सर्वो टेस्टरवरची चाचणी मला पुरेशी वाटत नाही, कारण साधे टेस्टर 50 हर्ट्झवरच चालतात. उघडलेला सर्वो वॉरंटीत बसत नाही असं विक्रेता म्हणू शकतो, म्हणून सगळे सर्वो न उघडता एकाचंच वरचं झाकण उचलून बेअरिंग बघा. लोहचुंबकाच्या भरवशावर राहू नका. पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाहीत, त्यामुळे गिअर चिकटला नाही म्हणजे खोटा, असं होत नाही.

हे नुसत्या पैशांपुरतं नाही, म्हणून इतकं पोटतिडकीने सांगतोय. तापलेल्या सर्वोची मोटर किंवा बोर्ड हवेत शॉर्ट झाला तर तो बीईसीचा सगळा करंट ओढतो, व्होल्टेज कोसळतं आणि रिसीव्हरच बंद पडतो. मग एक एलेरॉन नाही, आख्खं विमान हाताबाहेर जातं, आणि मैदानावर माणसं उभी असतात. असे सर्वो आधीच गळ्यात पडले असतील तर जायरोचा रेट 50 वर ठेवा, गेन कमी करा, आणि तरीही कुठला गरम होत असेल तर तो काढून टाका. एलिव्हेटरवर तर असला सर्वो 50 हर्ट्झवरसुद्धा मी लावणार नाही.