किनाऱ्यावर सापडलेला खेकडा: फॉसिल, ताजं कवच की नुसता दगड?

किनाऱ्यावर खेकड्यासारखा दगड मिळाला की सगळे पहिल्यांदा विचारतात ही जात कुठली. जातीचं नंतर बघू, आधी ते फॉसिल म्हणजे जीवाश्म आहे का हे ठरवा, कारण अलीकडचं कवच, खेकड्याच्या आकाराचा दगड, कोळंबीसारख्या प्राण्याचं बीळ आणि खरं फॉसिल हे चारही फोटोत एकसारखे दिसू शकतात, हातात घेतल्यावर मात्र बराच फरक कळतो.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो ताजं कवच आणि फॉसिल यांच्यात. खेकडा वाढताना कात टाकतो, कवच मागच्या बाजूने उघडतं आणि तो तिथून बाहेर येतो, मागे राहते ती कात अगदी अख्ख्या खेकड्यासारखी दिसते, पाय नांग्या सगळं जागेवर. ही कात वजनाला हलकी असते, आत पोकळ, कडेला दाबलं तर थोडी वाकते किंवा मोडते, आत वाळू भरलेली असली तरी पाण्यात हलवली की निघून जाते. फॉसिल दगडाएवढं जड लागतं, आतला भाग घट्ट दगडाने भरलेला असतो. रंगावर मात्र अजिबात जाऊ नका, चिखलात पडून राहिलेलं ताजं कवचही काळंभोर होतं. व्हिनेगर टाकून फेस येतो का बघा असा सल्लाही बरेच जण देतात, तो इथे काही कामाचा नाही, कारण ताज्या कवचात कॅल्शियम कार्बोनेट असतं, बऱ्याच फॉसिलमध्ये असतं आणि चुनखडीतही असतं, म्हणजे तिन्हीकडे फेस येणार आणि खरं फॉसिल असेल तर त्याचा पृष्ठभाग खराब होणार ते वेगळंच.

अजून एक, कवच दगडात अडकलंय म्हणजे ते जुनंच असं धरू नका. उष्ण समुद्रकिनाऱ्यांवर वाळू सिमेंटसारखी पटकन घट्ट होऊन बीचरॉक तयार होतो, त्यात आजच्या काचेच्या बाटल्यासुद्धा अडकलेल्या सापडतात, मग आजचा खेकडा का नाही सापडणार.

आता फॉसिल आणि नुसता दगड. हे ठरवायला मला सगळ्यात भरवशाची वाटते ती तुटलेली कड. दगड जिथे फुटलाय तिथे भिंगातून बघा, खऱ्या कवचाची जाडी एका बारीक रेषेसारखी दिसते, बहुतेक वेळा तपकिरी किंवा काळी, थोडी चकचकीत, रेषेच्या आतला आणि बाहेरचा दगड साधारण सारखाच आणि मध्ये हा वेगळा पदर. नुसत्या गोट्यात असा पदर नसतो, त्याचा आकार कितीही खेकड्यासारखा असू दे. त्यानंतर पाठ बघा. खेकड्याच्या पाठीवर खाचा असतात, त्या खाली पोट, हृदय, कल्ले कुठे आहेत त्याप्रमाणे पाठीचे भाग पाडतात, आणि डावीकडची खाच उजवीकडे तशीच असते. काही गोल दगडांच्या आतमध्ये भेगा पडून त्या खनिजाने भरतात, वरून ते कवचाच्या तुकड्यांसारखं दिसतं पण त्या भेगा कशाही जातात, दोन्ही बाजूंना सारख्या नसतात. पाठीवर बारीक दाणे किंवा टोचल्यासारखे खड्डे सगळीकडे एकाच पद्धतीने असतील तर खात्री अजून वाढते.

पण गोल दगड म्हणून फेकूनही देऊ नका, कारण चांगले खेकडे बऱ्याचदा अशाच गोट्यांच्या आत असतात. प्राणी कुजताना आजूबाजूच्या चिखलातलं रसायन बदलतं, खनिज तिथेच साचत जातं आणि त्याच्याभोवती घट्ट गोटा तयार होतो. न्यूझीलंडच्या मोटुनाऊ किनाऱ्यावर मायोसीन काळातला (साधारण 2.3 कोटी ते 53 लाख वर्षांपूर्वीचा) ट्युमिडोकार्सिनस हा मोठा खेकडा असाच गोट्यांमध्ये मिळतो, इंग्लंडच्या शेपी बेटावर साधारण 5 कोटी वर्षांपूर्वीच्या लंडन क्ले या थरातून खेकडे आणि शेवंडी फॉस्फेटच्या गाठींमध्ये येतात. उलट ऑस्ट्रेलियात डार्विनजवळ गन पॉइंटला मिळणारे थॅलासिना म्हणजे चिखलातले लॉबस्टर फक्त काही हजार वर्षांचे आहेत आणि तेही व्यवस्थित दगडात. म्हणून घट्टपणावरून वय सांगता येत नाही, वय कळतं ते थरावरून, त्यासाठी त्या किनाऱ्याचा भूगर्भशास्त्रीय नकाशा आधी बघा.

बिळाचं लवकर उरकतं. नळीसारखा, इंग्रजी वाय अक्षरासारखा फाटे फुटलेला, बाहेरून गुळगुळीत किंवा मक्याच्या कणसासारखा दाणेदार दगड असेल तर ते प्राण्याचं शरीर नाही, त्याने खणलेलं घर आहे. तेही फॉसिलच, पण त्यात पाय नांगी शोधत बसू नका. अशी बिळं करणाऱ्या घोस्ट श्रिम्प या कोळंबीसारख्या प्राण्याचं बाकी शरीर मऊ असतं आणि नांगीच तेवढी कडक, त्यामुळे एकटी सुटी चपटी चौकोनी नांगी मिळाली तर खेकड्याच्या आधी त्याचा विचार करा.

फॉसिल आहे असं ठरलं तर मग गट. पाठ रुंद आणि शेपटीचा भाग पोटाखाली दुमडलेला असेल तर खेकडा, आणि पोटाकडची बाजू शाबूत असेल तर नर मादीसुद्धा कळते, नराची ती दुमडलेली शेपटी अरुंद त्रिकोणी, मादीची रुंद गोलसर. शरीर लांब, मागे एकामागोमाग एक कडी असलेली शेपटी असेल तर शेवंड किंवा कोळंबीकडचं काहीतरी. शरीरावर उभे तीन भाग दिसले, नांगी नाही, तर ट्रायलोबाइट हा जुना समुद्री प्राणी, तो खेकडे-कोळंबीच्या म्हणजे क्रस्टेशियन गटातला नाही आणि साधारण 25 कोटी वर्षांपूर्वी संपला, खरे खेकडे त्याच्या बऱ्याच नंतर जुरासिकमध्ये म्हणजे डायनोसॉरच्या काळात आले, त्यामुळे तुमच्या किनाऱ्याचा थर 5 कोटी वर्षांचा असेल तर ट्रायलोबाइट तिथला असण्याची शक्यता सोडून द्या. हॉर्सशू क्रॅबच्या नावात क्रॅब आहे तरी तो कोळी विंचवांच्या बाजूचा.

स्वतः ठरवायचं की म्युझियमला विचारायचं? ताजं की जुनं, दगड की कवच, खेकडा की शेवंड, एवढं घरी होतं. जातीसाठी मात्र जाणकाराकडेच जा, कारण जात ठरते ती पाठीच्या पुढच्या कडेवरच्या दातांवरून, डोळ्यांच्या खोबणीवरून, आणि नेमका हाच भाग बहुतेक वेळा दगडाखाली असतो. तो उघडायला हातोडी घेऊ नका प्लीज, एका घावात कवच गोट्याला चिकटून उखडतं आणि आत नुसता साचा राहतो, हे काम हवेच्या दाबावर चालणाऱ्या बारीक सुईने करतात आणि त्याला कितीतरी तास लागतात. तुम्ही फोटो चांगले काढा, वरून, खालून, दोन्ही बाजूंनी, शेजारी मोजपट्टी ठेवून आणि उजेड तिरका पाडून, म्हणजे खाचा उठून दिसतात. दगड सुटा मिळाला की कड्यातल्या थरात होता तेही लिहून ठेवा, आणि तिथून उचलायला परवानगी लागते का ते घरी नेण्याआधीच बघा. घट्ट दगड असेल तर गोड्या पाण्यात ठेवून पाणी बदलत राहा, नाहीतर आतलं मीठ वाळताना फुगतं आणि पृष्ठभागाचे पापुद्रे निघतात. पिवळट धातूसारखी चमक दिसली तर तो पायराइट म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज, त्याला पाण्यात ठेवू नका, कोरड्या जागी ठेवा आणि म्युझियमकडे न्यायचं मनावर घ्या.