जुन्या मॅचेससाठी पैसे वसूल, लाइव्हला मात्र रडवतं

एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगच्या, मॅचेस दाखवणारं एक ॲप सीझनभरासाठी घेतलं होतं, नाव नाही घेत. लाइव्हचं काय सांगू, रविवारी रात्री साडेअकराला डोळे ताणून बसायचं आणि नेमका रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा गडी, सुटला की गोल गोल चकरी सुरू, परत पिक्चर येईपर्यंत टचडाऊन (बॉल पार समोरच्या टोकाला नेऊन मिळणारे गुण) होऊन गेलेला असतो!!

पण जुन्या मॅचेसचा साठा भारी आहे राव. मी परवा 30 डिसेंबर 2012 ची वायकिंग्स-पॅकर्स परत लावली. वायकिंग्सचा रनिंग बॅक ॲड्रियन पीटरसन, वर्षभरापूर्वी गुडघ्याचं लिगामेंट फाटलेला माणूस, त्या दिवशी 199 यार्ड पळाला, शेवटचे 26 तर असे की पुढच्या फील्ड गोलने (किक मारून मिळणारे गुण) मॅच पण जिंकली आणि प्लेऑफ पण मिळालं. सीझनचे 2097, एका सीझनमध्ये पळण्याचं रेकॉर्ड मोडायला फक्त 9 यार्ड कमी पडले. एवढं सगळं केलं तेव्हा कुठे एमव्हीपी (सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब), आणि त्यानंतर एकाही रनिंग बॅकला नाही मिळालेला.

मग 2024 चा सेकॉन बार्कली बघितला, तोही रनिंग बॅक, 2005 यार्ड, टीम सुपर बोल म्हणजे फायनल जिंकली, तरी एमव्हीपी जॉश ॲलनला, तो क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू. क्वार्टरबॅक चांगला खेळला की बाकीच्यांनी फक्त टाळ्या वाजवायच्या. माझं मत, बार्कलीकडे आकडे होते पण पीटरसनसारखी एकट्याने गाडा ओढल्याची गोष्ट नव्हती.

बाकी सर्च गंडलेलं आहे, तारीख टाकूनच शोधा. 5 पैकी 3, लाइव्ह सुधारलं तर 4 देईन.