अँटिसिरमचा संच: आठ महिन्यांच्या वापरानंतर, आणि त्या ड्रॉपरविषयी

सांगलीतील माझ्या लहानशा पॅथॉलॉजी लॅबमध्ये पटकी, टायफॉइड आणि रक्ताची आव यांचे जिवाणू ओळखण्यासाठी लागणारा अँटिसिरमचा संच मी गेल्या जूनमध्ये घेतला. अँटिसिरम म्हणजे ठरावीक जिवाणूंना चिकटणारी प्रतिपिंडे असलेले सिरम; जिवाणू जुळला की मिश्रणात कणी धरते, म्हणजे जिवाणूंच्या बारीक गुठळ्या होतात. मागच्या आठवड्यात टायफॉइडच्या जिवाणूसाठी (साल्मोनेला टायफी) वापरायच्या ओ९ सिरमची २ मिलिलिटरची बाटली, नियंत्रण तपासण्या (ओळखीच्या जिवाणूंवरील पडताळण्या) धरून, ३४व्या वेळी कोरडी पडली. पत्रकात मात्र ५० तपासण्या लिहिलेल्या आहेत. एका बाटलीला आमच्या लॅबच्या महिन्याच्या वीजबिलाइतके पैसे पडत असल्याने १६ तपासण्या कुठे गेल्या हे शोधणे मला भागच होते.

मी त्याच ड्रॉपरने साधे सलाइन घेऊन दहा थेंब पाडले आणि मायक्रोपिपेटने मोजले. ते ६०० मायक्रोलिटरच्या आसपास भरले, म्हणजे एक थेंब सुमारे ६० मायक्रोलिटरचा झाला, तर पत्रकातील हिशेब ४० चा आहे. शिवाय रबराची टोपी सैल असल्याने बाटली उभी ठेवल्यावरही टोकाला एक थेंब लोंबत राहतो आणि झाकण लावताना तो झाकणातच पुसला जातो. विक्रेत्याला फोन केला, तेव्हा “साहेब, हलक्या हाताने दाबा” असा सल्ला मिळाला. तीस वर्षे पिपेट धरलेल्या माणसाला हे ऐकवणे जरा जास्तच होते.

सिरमविषयीचे माझे मत मात्र मधल्या काळात बदलले. ऑगस्टमध्ये टायफॉइडची सर्व लक्षणे असलेल्या एका रुग्णाच्या नमुन्यातून मॅकॉन्की या जिवाणू वाढवण्याच्या माध्यमावर फिक्या वसाहती आल्या आणि बायोकेमिकल तपासण्याही साल्मोनेला टायफीकडेच बोट दाखवत होत्या, परंतु काचपट्टीवर ओ९ सिरमचा थेंब घालून ती मिनिटभर हलवली तरी मिश्रण दुधासारखे एकसारखेच राहिले. सिरम खराब आहे, असे मी विक्रेत्याला त्याच दिवशी लेखी कळवले. संध्याकाळी संचातील व्हीआय सिरम लावले, तर क्षणात दह्यासारखी कणी धरली. टायफीच्या अंगावरचे व्हीआय आवरण ओ प्रतिजनाला, म्हणजे प्रतिपिंडे ज्याला चिकटतात त्या पृष्ठभागावरील घटकाला, झाकून टाकते, हे मी कधीकाळी शिकलो होतो आणि सोयीस्करपणे विसरलो होतो. त्याच जिवाणूंचे सलाइनमधील मिश्रण उकळत्या पाण्यात धरून, गार करून पुन्हा ओ९ लावले, तेव्हा कणी स्वच्छ दिसली. तक्रार मागे घेताना झालेला संकोच वेगळाच.

ही बाटली महाग का असते, हेही त्यानंतरच मनाला पटले. मारलेले जिवाणू सशाला टप्प्याटप्प्याने टोचून त्याच्या रक्तातून सिरम काढले म्हणजे काम संपत नाही, कारण सशाचे शरीर त्या जिवाणूच्या प्रत्येक प्रतिजनाविरुद्ध प्रतिपिंडे बनवते. टायफीवर ९ आणि १२ असे दोन ओ प्रतिजन असतात, ब गटातील टायफिम्युरियम या दुसऱ्या साल्मोनेलावर ४ सोबत १२ सुद्धा असतो. १२ विरुद्धची प्रतिपिंडे तशीच राहिली, तर हे दोन्ही जिवाणू एकाच सिरममध्ये कणी धरतील. म्हणून ते सिरम ब गटाच्या मृत पेशींमध्ये कालवून नको असलेली प्रतिपिंडे शोषून काढावी लागतात आणि उरते ते ९ पुरते नेमके सिरम. शोषण कमी झाले तर भलतेच जिवाणू जुळतात, जास्त झाले तर सिरम दुबळे होते, त्यामुळे प्रत्येक लॉट स्वतः पडताळणे अपरिहार्य आहे. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी उंदराच्या प्लीहेतील पेशी आणि कर्करोगाच्या पेशी जोडून एकाच प्रकारचे प्रतिपिंड अखंड मिळवण्याची युक्ती दाखवली, आणि पटकीच्या झटपट पट्ट्यांमध्ये तिचा उपयोग होतो. काचपट्टीच्या कामाला सशाचे सिरम अजून उत्तम चालते.

पटकीच्या ओ१ सिरमने एकदाही दगा दिला नाही. फक्त टीसीबीएस या पटकीच्या जिवाणूंसाठीच्या माध्यमावरील पिवळी वसाहत थेट उचलू नये, ती आधी साध्या अगारवर घ्यावी, आणि शेजारी सलाइनचा थेंब ठेवून जिवाणू आपोआप कणी धरत नाहीत ना, ते पाहावे. पावसाळ्यातील एक पार्सल शनिवारपासून सोमवारपर्यंत बसच्या मालखोलीत पडून राहिले आणि थर्माकोलमधील बर्फाचे पाणी झाले, तरी सोबतच्या मृत जिवाणूंच्या नियंत्रण-बाटलीशी पडताळल्यावर कणी पूर्वीसारखीच आली. अर्थात २ ते ८ अंशांचा नियम मोडून हा प्रयोग कोणी मुद्दाम करू नये.

आता मी ड्रॉपरची टोपी काढून थेट मायक्रोपिपेटने २० मायक्रोलिटर घेतो. नियंत्रण-बाटलीशी तुलना केली असता कणी तेवढीच स्पष्ट दिसली, म्हणून नव्या बाटलीत साधारण ९० तपासण्या तरी होतील, असा माझा हिशेब आहे. टिप मात्र दर वेळी नवी घ्यावी लागते. नव्या लॉटची ओ९ बाटली काल आली, तिची टोपीही तशीच सैल आहे. फ्रीजच्या दारावर मी ‘थेंब नको, पिपेट’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे.