अकिलीसच्या दुखण्यावरची फिजिओथेरपी: मशीन, टेप की जिन्याची पायरी?

सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली दहा-वीस पावलं लंगडत टाकायची, मग शीर मोकळी झाल्यासारखी वाटायची आणि पळून आल्यावर संध्याकाळी पुन्हा ठणका. टाचेमागच्या अकिलीस कंडरेचं (पोटरीच्या स्नायूंना टाचेच्या हाडाशी जोडणाऱ्या जाड दोरीसारख्या पट्टीचं) दुखणं बहुतेकांना असंच ओळखू येतं. त्यावर फिजिओथेरपीत बरंच काही दिलं जातं: शेक, अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचं मशीन), शॉकवेव्ह (दाबलहरींचे ठोके देणारं मशीन), मालिश, टेप, रात्रीचा पट्टा, बुटातली उंची आणि व्यायाम. निकाल आधीच सांगतो. कंडरा पुन्हा ताकदवान होते ती फक्त व्यायामानं, आणि तोही वजन पेलणाऱ्या, संथ, निदान 12 आठवडे चालणाऱ्या व्यायामानं. बाकीच्या गोष्टी फार तर त्याच्या मदतीला येतात.

पण व्यायाम ठरवण्याआधी दुखतं कुठे ते बोटांनी शोधायला हवं. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कंडरा धरून टाचेच्या हाडापासून वर वर दाबत जायचं. हाडापासून 2 ते 6 सेंमी वर दुखत असेल, तिथे गाठीसारखा जाडपणा लागत असेल, तर ते मधल्या भागाचं दुखणं. कळ थेट हाडाला चिकटते त्या जागी असेल तर प्रकार वेगळा आणि व्यायामाची पद्धतही वेगळी. पहिल्या भेटीत हे तपासलंच नाही आणि सरळ मशीन लावलं, तर उपचाराचा पायाच कच्चा राहतो.

मधल्या भागासाठी सगळ्यांत गाजलेली पद्धत स्वीडनचे डॉक्टर हाकान अल्फ्रेडसन यांची, 1998 सालची. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, टाचा बाहेर अधांतरी. दोन्ही पायांनी वर जायचं, सगळा भार दुखऱ्या पायावर घ्यायचा आणि टाच सावकाश पायरीच्या पातळीखाली उतरवायची. वर येताना पुन्हा चांगल्या पायाचा आधार. गुडघा सरळ ठेवून 15 चे 3 सेट, गुडघा किंचित वाकवून आणखी 15 चे 3. दिवसातून दोनदा, आठवड्याचे सातही दिवस, 12 आठवडे. म्हणजे रोज 180 वेळा. गुडघा वाकवण्यामागे कारण आहे: पोटरीचा वरचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वर जोडलेला असतो, तो गुडघा वाकल्यावर ढिला पडतो आणि खालच्या सोलियस स्नायूवर काम येतं. अकिलीसवर दोघांचाही ताण येतो, म्हणून दोघांनाही तयार करावं लागतं.

पद्धत साधी आहे, पण चुका नेमक्या याच जागी होतात. टाच धपकन सोडली जाते. खाली जायला निदान तीन सेकंद लागले पाहिजेत. शरीर पुढे झुकतं आणि भार कठड्याला धरलेल्या हातांवर जातो. बोटं नुसती तोल सांभाळण्यापुरती टेकलेली हवीत. थकवा आला की घोटा बाहेर कलतो आणि सगळं वजन करंगळीच्या बाजूला सरकतं. अंगठ्याखालचा भाग पायरीवर घट्ट रुतलेला आहे का, हे दर सेटला खाली पाहून तपासावं. आणि सगळ्यांत मोठी चूक म्हणजे वजन न वाढवणं. शरीराचं वजन न दुखता पेललं जाऊ लागलं की पाठीवरच्या सॅकमध्ये 5 किलो घालायचे, तेही सोपं झालं की आणखी. महिनोन्महिने वजन न वाढवता केलेल्या व्यायामानं कंडरेला नवीन काही शिकायला मिळत नाही.

रोजचे 180 फेरे पाळणं मात्र अवघड जातं. तिथे जड-संथ पद्धत जास्त सोयीची. आठवड्यातून तीनच दिवस, जिममधल्या वजनांवर टाचा उचलायच्या, 3 सेकंद वर आणि 3 सेकंद खाली. पहिल्या आठवड्यात 15 वेळा जेमतेम उचलता येईल असं वजन. मग 12, 10, 8 असं उतरत नवव्या आठवड्यापासून 6 वेळाच उचलता येईल इतकं जड. 2015 साली दोन्ही पद्धतींची तुलना झाली तेव्हा गुण सारखाच आला, पण 12 आठवड्यांनंतर जड-संथ पद्धतीवर लोक अधिक समाधानी होते. जिम हाताशी असेल तर आमची पसंती हिलाच. मधल्या रिकाम्या दिवसांचाही उपयोग होतो, कारण जड भारानंतर कंडरेच्या कोलॅजनची (ती ज्या प्रथिनाच्या धाग्यांची बनते त्यांची) दुरुस्ती दीड-दोन दिवस चाललेली असते.

व्यायाम करताना दुखलं तर थांबायचं का? नाही, मर्यादेत दुखलेलं चालतं. संशोधक सिल्बरनागेल यांच्या 2007 च्या अभ्यासातला नियम वापरायला सोपा आहे: 10 पैकी 5 पर्यंत वेदना चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती उतरली पाहिजे आणि आठवड्यागणिक सकाळचा ताठरपणा वाढता कामा नये. वाढला तर वजन कमी करायचं, व्यायाम बंद करायचा नाही. पूर्ण विश्रांतीत दुखणं झोपतं, पण कंडरा आणखी कमकुवत होते आणि पळायला गेलं की पहिल्याच आठवड्यात तीच कळ परत येते.

टाचेच्या हाडाजवळ दुखत असेल तर पायरी नकोच. टाच पातळीखाली गेली की कंडरा हाडावर दाबली जाते आणि त्या दाबानंच दुखणं चिघळतं. हाच व्यायाम सपाट जमिनीवर करावा. पोटरीचं जोरात स्ट्रेचिंगही याच कारणासाठी टाळावं. बुटात टाचेखाली 10 ते 12 मिमीची उंची, दोन्ही पायांना सारखीच, इथे लगेच आराम देते. या प्रकारात आम्ही ती पहिल्याच दिवशी घालायला सांगू.

आता मशीनं. शॉकवेव्हला जागा आहे, पण व्यायामाच्या जोडीला. सहसा आठवड्याच्या अंतरानं तीन बैठका. नुसतं तेवढंच घेऊन घरी बसलं तर पैसे वाया. अल्ट्रासाउंड आणि शेक यांनी बरं वाटतं, कंडरा बदलत नाही. पोटरीची मालिश आखडलेपणा घालवते, टेप खेळाच्या दिवशी धीर देते, एवढंच. पाय काटकोनात धरून ठेवणारा रात्रीचा पट्टा झोप मोडतो आणि व्यायामावर जादा फायदा देत नाही. तो आम्ही सुचवणार नाही.

उपचार अर्धवट राहतात ते शेवटच्या टप्प्यात. दुखणं थांबलं की लोक थेट पळायला लागतात, मधल्या उड्या राहून जातात. आधी एका पायावर सलग 20-25 वेळा टाच पूर्ण उचलता यावी, दुसऱ्या पायाइतकीच उंच. मग दोन पायांवर उड्या, मग एका पायावर, मग एक मिनिट पळणं-एक मिनिट चालणं, दिवसाआड. चढ आणि वेग सगळ्यांत शेवटी.

काही गोष्टींत व्यायाम सुरूच करू नये. मागून कुणी लाथ मारल्यासारखा फटका बसला, टक्क आवाज आला आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर कंडरा तुटलेली असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन यांसारखी अँटिबायोटिक्स चालू असताना दुखणं सुरू झालं तर लगेच डॉक्टरांना सांगावं. कंडरेतच स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ नये, ती फाटण्याचा धोका वाढतो.

आणि फिजिओथेरपीचं केंद्र निवडताना एवढंच पाहा: दुसऱ्या भेटीत तुमच्या कागदावर एका पायानं किती वेळा टाच उचलली, किती वजनानं आणि दुसऱ्या सकाळी किती दुखलं, हे तीन आकडे लिहिलेले आहेत का. नुसत्या मशीनच्या वेळा लिहिलेल्या असतील तर दुसरीकडे जा.