ई८५ वर ट्यून केलेली एसटीआय आणि पंप ५५ मैलांवर: १४ महिन्यांचा अनुभव

गाडी २०१७ ची सुबारू डब्ल्यूआरएक्स एसटीआय, मुक्काम न्यू जर्सी, एडिसनजवळ. वॉरंटी संपल्यावर ई८५ साठी (म्हणजे नावापुरतं ८५ टक्के इथेनॉल आणि बाकी पेट्रोल) ट्यून करून घेतली, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून घेतली, त्याला १४ महिने झाले आणि ११,००० मैल झाले. इकडची आपली मुलं टर्बो गाडी घेतली की विचारतात, ई८५ करू का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी इंजिनबद्दल, कारण तिथे मला एकही तक्रार नाही. हे २.५ लिटरचं ईजे इंजिन नॉकिंगला (सिलिंडरमध्ये इंधन अवेळी भडकण्याला) फार नाजूक, पिस्टनची रिंगलँड (रिंगांमधली कड) तुटल्याचे किस्से प्रत्येक एसटीआयवाल्याला पाठ असतात. इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग टाळायची क्षमता, शंभराच्या वर आणि त्याची वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता ओढून घेतं, सिलिंडरमध्ये जाणारं हवा-इंधनाचं मिश्रण गार राहतं, मग ट्यूनरला टायमिंग (ठिणगी किती आधी पडते ते) आणि बूस्ट (टर्बोचा दाब) दोन्ही वाढवता येतं. डायनोवर (ताकद मोजायच्या मशीनवर) चाकांपाशी ९३ ऑक्टेनच्या पेट्रोलला २८६ एचपी आले, ई८० ला, म्हणजे त्या दिवशी टाकीत असलेल्या ८० टक्के इथेनॉलला, ३३६. ऑगस्टच्या उकाड्यात २८७ हायवेच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास तापलेली गाडी, पुढे रस्ता मोकळा झाल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये दाबली की पेट्रोलवर इंजिनच्या लॉगमध्ये नॉक करेक्शन (नॉकिंग जाणवल्यावर कॉम्प्युटरने मागे घेतलेलं टायमिंग) दिसायचंच, इथेनॉलवर तो आकडा शून्य. मला तर यासाठीच सगळा खर्च वसूल वाटतो.

खर्च म्हणजे मोठे इंजेक्टर, टाकीत मोठा पंप आणि ट्यून. पेट्रोलला १ भागाला हवा १४.७ भाग लागते, इथेनॉलला फक्त ९, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन कितीतरी जास्त ओतावं लागतं, कंपनीचे मूळ पार्ट पुरत नाहीत.

आता पंपाचं. मला सोयीचा पंप ५५ मैलांवर, डेलावेअर नदी ओलांडून पेन्सिल्वेनियात, आणि पलीकडे जाताना पुलाचा टोल. हायवेला पेट्रोलवर गॅलनला २३ मैल मिळायचे, ई८५ वर १७. टाकी १५.९ गॅलनची. म्हणजे नुसतं भरायला जाऊन आलो तरी साडेसहा गॅलन तिथेच संपले, हे म्हणजे नाकापेक्षा मोती जड! म्हणून खास भरायला कधीच जात नाही, तिकडेच पेन्सिल्वेनियात ॲलनटाऊनला मित्राकडे महिन्यातून एक चक्कर असते तेव्हाच टाकी भरतो आणि ५ गॅलनचे दोन कॅन भरून आणतो. कॅन जमिनीवर ठेवूनच भरा, डिकीत ठेवून भरू नका, स्टॅटिकची ठिणगी पडू शकते. घरी मी ते बाहेरच्या शेडमध्ये ठेवतो, गराजमध्ये नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, फ्लेक्स-फ्युएल सेन्सर, म्हणजे इंधनात इथेनॉल किती टक्के आहे ते मोजणारा. सुरुवातीला दोन महिने मी तो बसवला नव्हता, दोन वेगळे मॅप (ट्यूनच्या सेटिंग) होते, एक ९३ चा, एक ई८५ चा. व्हर्जिनियाहून परत येताना मेरीलँडमध्ये टाकी पावाच्या खाली, एनर्जी खात्याच्या लोकेटरवर बघून ठेवलेल्या पंपावर रात्री ११ ला पोचलो तर ई८५ च्या नॉझलवर पिवळी पिशवी, म्हणजे बंद. पोटात गोळा आला. टाकीत साधारण ४ गॅलन ई८५ उरलेलं, त्यावर १० गॅलन ९३ भरलं, मिश्रण झालं ३० टक्क्यांच्या आसपास आणि त्याला धड बसणारा मॅपच नाही. पेट्रोलचा मॅप लावला तर बूस्टमध्ये लीन जाणार (इंधन कमी पडणार), इथेनॉलचा लावला तर टायमिंग जास्त होऊन नॉक. पेट्रोलचा लावला आणि घरापर्यंत बूस्टमध्ये अजिबात न जाता उजव्या लेनने आलो, बायको शेजारी गप्प बसून होती. पुढच्याच आठवड्यात सेन्सर बसवला. तो इंधनाच्या लाइनमध्ये बसतो आणि टक्केवारी फ्रिक्वेन्सीमध्ये सांगतो, ५० हर्ट्झ म्हणजे ०, १५० म्हणजे १००, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) त्याप्रमाणे इंधन आणि टायमिंग आपोआप बदलतो. पंप कमी असलेल्या भागात सेन्सरशिवाय ई८५ करूच नका, पैसे कमी असतील तर थांबा पण करू नका.

आणि ई८५ नावात असलं तरी ८५ टक्के मिळेलच असं नाही, इथे ५१ ते ८३ काहीही चालतं, हिवाळ्यात गाडी सुरू व्हावी म्हणून कमी ठेवतात. मी कॅन भरला की टेस्ट ट्यूबमध्ये तपासतो: खालच्या रेघेपर्यंत पाणी, वरच्या रेघेपर्यंत इंधन, बूच लावून जोरात हलवायचं आणि दोन-चार मिनिटं उभी ठेवायची. इथेनॉल पाण्यात उतरतं, वर पेट्रोलचा पिवळसर थर राहतो, दोघांमधली रेघ किती वर सरकली त्यावरून टक्के कळतात. जुलैत ८२ आलं, जानेवारीत त्याच पंपावर ७१.

हल्ली मी दोन कॅन आणि ५ गॅलन ९३ असं मिसळून साधारण ई५५ वर चालवतो. डायनोवर त्याला ३२८ आले, म्हणजे पूर्ण ई८५ पेक्षा ८ एचपी कमी, आणि थंडीत सुरू व्हायला त्रास नाही. भरपूर इथेनॉलवर एकदा कडाक्याच्या सकाळी सात-आठ सेकंद स्टार्टर मारावा लागला होता. ऑइल मात्र ३,००० मैलांना बदलतो, हिवाळ्यात छोट्या फेऱ्यांमुळे झाकणाखाली दुधाळ चिकटा जमतो.

पैसे वाचतील म्हणून करू नका. ई८५ मी २.८० डॉलरला भरलं तेव्हा ९३ होतं ३.७०, मैलामागे दोन्ही १६ सेंटच पडले, टोल वेगळा.

सांगलीला गेलो की काका ई२० बद्दल विचारतात, पण तिथे पंपोपंपी तेच मिळतं, शोधत फिरावं लागत नाही. ब्राझीलमध्येही तसंच, इथेनॉल हवं तिथे. डिसेंबरमध्ये ५ आठवडे गावी होतो, जाण्याआधी टाकी जवळजवळ रिकामी करून ९३ ने काठोकाठ भरली, कारण इथेनॉल हवेतली ओल धरतं. परत आलो, सेन्सरवर १४ टक्के, पहिल्या किल्लीला सुरू झाली.